चमचाभर औषध आणि मालकांची हाडं

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे आणि हाडं पोखरल्याच्या आरोपातून अर्धा निर्दोष सुटलो आहे. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अजून काहीच घडलेलं नाही. मी नवाकोरा आहे, भावंडांसोबत खोक्यात पडून आहे आणि लाज म्हणजे काय ते मला ठाऊक नाही.

भावंडं साखर ढवळायला गेली. माझ्या वाट्याला मालकांची अन्ननलिका आली. मालक घरं रंगवतात. त्यांच्या अन्ननलिकेला कायमची सूज. घास छातीत अडकायचा आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. म्हणून रोज झोपताना स्टिरॉइडचं औषध मधात घोटून घट्ट करायचं आणि मी ते त्यांच्या जिभेवर ठेवायचं. सावकाश गिळलं की आतून लेप बसतो. वर लगेच पाणी प्यायचं नाही.

“अहो, हळू! गिळून कुठली गाडी पकडायचीय?” मालकीणबाई म्हणायच्या.

सूज उतरली. मालक पाव खाऊ लागले. माझं कौतुक झालं, मला वेगळी वाटी मिळाली. अशी बरीच वर्षं गेली.

मग मालक शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरून पडले. एवढ्याशा उंचीवरून पडलो हे मांजरही कुणाला सांगणार नाही. पण मनगट मोडलं. भेटायला आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने मला वाटीसकट उचललं.

“अरे, स्टिरॉइड म्हणजे हाडांना वाळवी! घरात पाळलीत होय?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. चमच्याला मान खाली घालता येत नाही, ती सोय आमच्यात नाही. मला खणात टाकलं, तिथे सोलाणंही माझ्यापासून सरकून बसलं. मधाच्या आडून मी खरंच हाडं खात होतो का? मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

मालकांनी औषध परस्पर बंद केलं. काही आठवड्यांनी पावाचा घास अडकला. वरही येईना, खालीही जाईना. पाणीसुद्धा उलटून येऊ लागलं. दवाखान्यात नळी घालून तो काढावा लागला. मालकीणबाईंनी मला पुरावा म्हणून पर्समध्ये आणलं होतं.

“औषध कुणी बंद केलं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बहिणीने,” मालक म्हणाले.

“त्या डॉक्टर आहेत?”

“नाही, थोरली आहे.”

हाडांची तपासणी झाली. हाडं थोडी विरळ निघाली.

“औषधाचा हात असेल, नसेलही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते बहुतेक अन्ननलिकेतच काम करतं, पण थोडं अंगात जातं. त्यात सूज वाढते म्हणून तुम्ही दूध सोडलंय. इतकी वर्षं मी दर वेळी अन्ननलिका पाहिली, हाडं मोजायचं सुचलंच नाही. चूक माझी.”

खोलीत लाजणारे आता आम्ही दोघं झालो.

औषध पुन्हा सुरू झालं, थोडं कमी करून. कॅल्शियम आलं, रोजचं चालणं आलं. मालक पाव खातात. मालकीणबाई मात्र मला हातात घेण्याआधी त्यांच्या मनगटाकडे बघतात, आणि मी मधात बुडून जातो.

मित्रांनो, औषध परस्पर सोडू नका. वर्षानुवर्षं घेत असाल, तर हाडांचंही डॉक्टरांना विचारा.

तरी संबंधित विभागास नम्र विनंती की, मालकांच्या पुढील तपासणीवेळी अर्जदार चमच्यास त्यांच्या शेजारी झोपवून त्याच्याही हाडांची घनता मोजण्यात यावी. अर्जदारास हाडे नाहीत, हे कारण ग्राह्य धरू नये.