मापाचा पाय

धाकट्या भावाचं तोंड पाहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मग शिडीवरून पडलो, डावी मांडी मोडली आणि बायकोने मला सरळ त्याच्याच टेबलावर नेऊन घातलं. हाडांचा दुसरा डॉक्टर जवळपास नाही म्हणे.

"पाय हवाय की अकड?" तिने विचारलं.

मी रंगारी. शिडीवरच पोट आहे. टेबलावर आडवा झालो.

कमरेत इंजेक्शन देऊन मला अर्धा बधिर केलं. छातीपाशी हिरवा पडदा लावला. पलीकडे भाऊ माझ्या हाडात सळई ठोकत होता आणि प्रत्येक ठोक्याला माझे दात वाजत होते. पूर्वी दादा म्हणायचा, आज "पेशंट" म्हणत होता. मलाही तेच बरं वाटलं.

"स्क्रू लावायच्या आधी पावलाची दिशा जुळवू," तो हाताखालच्या डॉक्टरणीला म्हणाला. "चांगला पाय उघडा करा. त्याच्यावर माप घेऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चांगला पाय? लहानपणी भांडणात यानेच मला जिन्यावरून ढकललं, तेव्हा तो मोडला आणि पाऊल बाहेर वळूनच जुळलं. वडिलांना म्हणाला, दादा आपला आपणच घसरला. स्वतःच्या सासरी म्हणाला, दादाचा पाय जन्मापासूनच तसा. इतक्यांदा सांगितलं की त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं असावं.

एका वाकड्या पावलावर मी कशीबशी शिडी चढतो. स्क्रू लागून दुसरंही तसंच पक्कं झालं तर धंदा बसलाच.

"त्या पायावर माप घेऊ नकोस," मी म्हणालो.

"पेशंटने बोलू नये."

"वाकडा आहे तो. कसा झाला, ते यांनाही सांग."

"जन्मापासूनच आहे तो तसा."

"मग तेच माझं खरं माप. त्याच मापाने लाव. लाव स्क्रू."

पलीकडे सगळं थांबलं. हा पक्का हेकेखोर, लावेलही. पण मीही माघार घेणार नव्हतो.

"पाऊल आत वळवा," शेवटी तो म्हणाला. "अजून. हं, धरा तिथेच."

"पण सर, दुसरा पाय तर..."

"तो मोडून चुकीचा जुळलाय."

"मोडला कसा?"

स्क्रू फिरत राहिला.

"मी ढकललं होतं त्याला," तो पुटपुटला.

मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

"मोठ्याने बोल," मी म्हणालो.