तिसऱ्या टेबलावरचा खरेदीदार

कोट खांद्यात आवळत होता, तरी दुभाषी बाईंनी तो ओढूनताणून ड्रायव्हरच्या अंगात बसवला आणि त्याला तिसऱ्या टेबलामागे नेऊन बसवलं. दूतावासाने भरवलेल्या व्यापारी भेटींना खरा खरेदीदार ऐनवेळी आलाच नव्हता. असं झालं की दूतावासातलंच कुणीतरी त्याच्या खुर्चीत बसायचं, ही तिथली जुनी रीत. मायदेशाहून माल घेऊन आलेल्याचा हिरमोड होत नाही, आणि भेटी पार पडल्या असं वर कळवायला साहेब मोकळे. ड्रायव्हर या परक्या देशातलाच, तोंडवळाही इथला. त्याने मान डोलवायची आणि शेवटी 'कळवतो' म्हणायचं, बस्स. यात आजवर कुणाचं वाटोळं झालं नव्हतं. निदान बाईंच्या कानावर तरी आलं नव्हतं.

पितळी बिजागऱ्या करणारे काका समोर बसले. ड्रायव्हरला बिजागरी मनापासून आवडली. तो ती उघडमीट करत राहिला.

"माणूस जाणकार दिसतो हो ताई," काका खुलले. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "एक विचारा यांना. आमचा कारखाना विकत घ्यायला माणूस आलाय. धाकटा भाऊ तिकडे खोळंबलाय, आजच हो की नाही सांगायचंय. इथून ऑर्डरची आशा असेल तर विकत नाही. नसेल तर विकून मोकळे होतो, कारण असा घेणारा पुन्हा मिळायचा नाही. भिडेखातर बोलू नका म्हणावं."

बाईंनी शब्द न शब्द सांगितला. ड्रायव्हरने बिजागरी खाली ठेवली.

"विकून टाका म्हणावं," तो आपल्या भाषेत पुटपुटला. "आणि मी गाडी चालवतो, हेही सांगा."

शेजारच्या टेबलावर साहेब हसून कुणाशी तरी बोलत होते, पण कान इकडेच होता. बाईंची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, ते याच महिन्यात ठरवणार होते.

"माल पसंत आहे म्हणतात," त्या म्हणाल्या. "कळवतील."

ड्रायव्हरला त्यांचे शब्द कळले नाहीत. काकांचा चेहरा मात्र त्याला दिसला, आणि त्याने मान खाली घातली.

काका तिथूनच फोनवर ओरडले, "धाकट्या, त्याला सरळ नाही म्हणून सांग! अरे, पसंत पडला माल!"

संध्याकाळी साहेबांनी बाईंना बजावलं, काकांना विमानतळावर जायला आपली गाडी द्यायची नाही. बाईंनी टॅक्सी बोलावली.

"एवढ्या मोठ्या कचेरीला गाडी नाही होय?" काकांनी थट्टा केली.

"ड्रायव्हर रजेवर आहे, काका."

"असू दे हो," काका टॅक्सीत बसता बसता म्हणाले. "त्यालाही घरदार असेलच की."