काशी, व्हाया मामाचा बांध

भाच्यानं मामाला मुंजीच्या मांडवात आणलं, आणि येताना मामाच्या हातात दोरी होती. दोरीला काय बांधलं होतं ते आत्ताच सांगण्यात अर्थ नाही. खरं म्हणजे एवढं सांगितलं तेही तुम्ही ऐकलेलं नाही. मामा मांडवात गेला नाही, जाणार नाही, त्याच्या मनातही तसं काही नाही, असंच धरून चाला. मामा स्वतः सकाळपासून तेच धरून चालला होता.

तो वाफ्यांना पाणी देत होता. अंगात नवा सदरा, नेसूचं कोरं पांढरं धोतर, डोक्यावर इस्त्रीची टोपी. रस्त्यानं जाणाऱ्या गवंड्यानं विचारलं, "मामा, मुंजीला निघालात वाटतं?"

"छे! पाणी देतोय."

"नव्या धोतरात?"

"जुनं वाळत घातलंय."

"आणि डोक्याला तेल?"

"डोकं दुखतंय."

ज्याचं डोकं दुखतं तो टोपीला इस्त्री कशाला करतो, हे गवंड्यानं विचारलं नाही. तेवढा तो चांगला माणूस होता.

भांडणाचं मूळ म्हैस. मामाच्या म्हशीनं दावं तोडलं आणि ती दाजींच्या मक्यात शिरून पोटभर पाहुणचार घेऊन आली. दाजी म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि एक बांध सोडला तर शेजारीही. दाजी म्हणाले, "म्हशीला अक्कल नाही हे मी समजू शकतो. पण बिचारी शिकणार कुणाकडून?"

मामानं तिथल्या तिथं शपथ घेतली. दाजी म्हशीची माफी मागत नाहीत तोवर त्यांच्या दारात पाय ठेवणार नाही. स्वतःची माफी त्याला नकोच होती, त्याचं मन मोठं. मग दाजींनीही शपथ घेतली, मेव्हण्याच्या बांधाला पाय लावणार नाही म्हणून. दोघांचं उरकल्यावर मामाची ताई म्हणाली, "माझ्या पोराच्या मुंजीत माझा भाऊ नसला, तर त्या दिवसापासून मला भाऊ नाही." आणि ती धार काढायला निघून गेली.

ताई एरवी चिडली की घर डोक्यावर घ्यायची. त्याला कुणी घाबरत नसे. या वेळी ती हळू बोलली होती. तेव्हापासून मामाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तिकडं मुंज मुहूर्तावर लागली. पोराचं डोकं भादरलं, गळ्यात जानवं आलं, कमरेला लंगोटी, हातात दंड. शेवटी उरली काशी. बटूनं छत्री घेऊन काशीला निघायचं, मामानं आडवं येऊन "जाऊ नको बाबा, तुला माझी मुलगी देतो" म्हणायचं, बटूनं माघारी वळायचं, सगळ्यांनी हसायचं आणि जेवायला बसायचं. एवढा साधा कार्यक्रम. पण भटजींनी पोराला बजावून ठेवलं होतं, "मामा अडवेपर्यंत थांबायचं नाही."

हे या पोराला सांगायला नको होतं. शाळेत गुरुजी एकदा "मी येईपर्यंत हात वर ठेव" म्हणाले आणि विसरले, तर हा हात वर धरूनच घरी जेवायला आला होता. जेवलाही तसाच.

बटू निघाला. मांडव संपला, तो थांबला नाही. गल्ली संपली, थांबला नाही. दाजी धरायला धावले तसे भटजी ओरडले, "हात लावू नका! बापाला अधिकार नाही, मामाच पाहिजे!"

"मामा येत नाही त्याला मी काय करू?"

"मग काशी!" भटजी म्हणाले.

पुढं बटू, मागं भटजी, दाजी, सगळं गणगोत, त्यामागं बँडवाले. त्यांना कुणी थांबा म्हणालं नाही म्हणून ते वाजवत होते. गावाबाहेर जाणारी वाट मामाच्या बांधावरूनच जायची. दाजींच्या हद्दीशी शपथ आडवी आली, दाजी थांबले, त्यांच्यामागं सगळे थांबले. बटू एकटाच पुढं गेला.

मामानं हे सगळं पाहिलं आणि पाठ फिरवून तो पाटात वाकला. दिसलाच नाही तर अडवायचा कसा?

"मामा."

"कोण आहे? मी पाणी देतोय."

"मी. काशीला चाललोय. तू अडवणार आहेस का?"

"बापानं पाठवलं काय?"

"भटजींनी. अडवणार नसशील तर तसं सांग. ऊन चढलंय, आणि डोक्यावर केसही ठेवले नाहीत."

"छत्री उघड की."

"उघडत नाही. ती नुसती न्यायची आहे."

मामानं उगाच दोन खोरी चिखल इकडचा तिकडं केला. "आई काय म्हणते?"

"काही नाही. दारात उभी आहे. कुणाला पानं वाढू देत नाही."

मामाचं खोरं चिखलात तसंच राहिलं.

"काशी फार लांब असते रे."

"सोमवारी गणिताचा पेपर आहे. तोवर यायला जमेल?"

"नाही जमायचं."

"मग गुरुजींना सांगून ठेव," असं म्हणून बटू चालू लागला.

वळणावरून परत येईल, मामानं मनाशी म्हटलं. वळणावर दुधाचा टेम्पो थांबला.

"कुठं निघाले महाराज?"

"काशीला."

"मी डेअरीपर्यंत आहे. तिथून बघा दुसरं काही. चढा."

बटू चढला.

मग मात्र मामा धावला. वाफा फुटला, टोपी पाटात वाहून गेली, धोतराचा रंग गुडघ्यापर्यंत बदलला. दोन्ही हात पसरून तो टेम्पोपुढं उभा राहिला. "थांब! जाऊ नको!"

"मी कुठं जातोय? हे चाललेत," टेम्पोवाला म्हणाला.

दुधाच्या कॅनांमागून बटूचं गुळगुळीत डोकं वर आलं. "पुढचं म्हण."

"पुढचं काय?"

"मुलगी देतो म्हण."

मामाला दोन्ही मुलगेच होते. "मला मुलगी नाही रे राजा."

"मग मला वळता येत नाही," बटू म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं.

"काय ते लवकर ठरवा," टेम्पोवाला म्हणाला. "दूध नासेल."

मामानं विहिरीकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं. गोठ्यात म्हशीला खेटून तिची पारडी उभी होती.

"म्हशीला आहे," तो म्हणाला.

"काय?"

"मुलगी. तिला मीच लहानाची मोठी केली. म्हणजे माझीच ना?"

बँड एव्हाना दमून थांबला होता, त्यामुळे हे बांधापलीकडंही ऐकू गेलं. "चालेल!" भटजी तिथूनच ओरडले. त्यांना कडकडून भूक लागली होती.

बटूनं चौकशी केली, "ती मका खाते?"

"आईच्या वळणावर गेलीय."

बटूनं विचार केला आणि खाली उतरला.

पारडीची दोरी धरून मामा हद्दीपर्यंत आला आणि थांबला. पलीकडं दाजी. मागून म्हैस लेकीसाठी हंबरत आली.

"या की आता," दाजी म्हणाले.

"शपथ आहे. आधी हिची माफी."

दाजींनी म्हशीकडं पाहिलं. लेक त्यांच्या घरात येणार, म्हणजे ती आता त्यांची विहीण. विहिणीनं जाता जाता थोडा मका खाल्ला तर त्याचा बभ्रा करतं का कुणी? पाय बांधाला लागू न देता ते कमरेत वाकले आणि हात जोडले. "विहीणबाई, झालं गेलं विसरा. घर आपलंच समजा."

म्हशीनं त्यांच्या खांद्यावरून मक्याकडं पाहिलं.

ताई दारात होती. तिनं मामाच्या धोतराकडं पाहिलं, पारडीकडं पाहिलं.

"एवढा उशीर?"

"दूधवाला आडवा आला."

"पाय पुढं कर." तिनं तांब्यानं त्याच्या पायांवर पाणी घातलं. चिखल गेल्यावरही बराच वेळ घालत राहिली. मग मान न वळवता आत हाक मारली, "वाढा गं पानं."

पुढच्या आठवड्यात मामा आणि दाजी जनावरांच्या दवाखान्यात गेले. दाजींच्या धाकट्याची मुंज अजून व्हायची होती, आणि मामाकडं तर आता पारडीही उरली नव्हती. अर्ज दाजींनी सांगितला, मामानं लिहिला, सही दोघांनी केली.

"मा. पशुवैद्यकीय अधिकारी साहेब यांस, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार क्रमांक एक यांच्या कनिष्ठ चिरंजिवांस काशीच्या वाटेवरून परत फिरवण्याची जबाबदारी अर्जदार क्रमांक दोन यांचेवर असून त्यांचेकडे देण्याजोगी कन्या शिल्लक नाही. तरी सदर म्हशीने पुढील वेतास पारडीच द्यावी, नर रेडकू देऊ नये, असा लेखी आदेश आपल्या स्तरावरून सदर म्हशीस बजावण्यात यावा, व त्याची एक प्रत रेड्यास माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात यावी, ही नम्र विनंती."