झडपेच्या आतलं पाणी

घट बसायच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. सोनपेठला दोन दिवसांपासून पाऊस थांबला नव्हता. आमच्या घराला एक खालची खोली आहे. जागा उताराची, म्हणून बांधतानाच मी ती जमिनीच्या पोटात घेतली. पुढून पाहिलं तर तळघर, मागच्या बोळीतून पाहिलं तर नुसतं एक दार. तिथून वर घरात यायला आतून चौदा पायऱ्या, अरुंद, मधे वळण. त्या खोलीत माझी लेक निकिता आणि तिची सतरा दिवसांची मुलगी होती.

बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिला खालीच ठेवायचं, हा माझ्या बायकोचा, धुरपदाचा हट्ट. चार दिवसांपूर्वी दवाखान्यातून आणलं तेव्हा रिक्षा मागच्या दाराला लावून लेकीला सरळ बाजेवर निजवलं. सिझर झालेलं. टाके एकदा उसवले, पुन्हा घालावे लागले. डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. जखमेला घाण पाणी लागू द्यायचं नाही आणि आठ दिवस पायरी चढायची नाही.

आदल्या वर्षी त्या खोलीच्या मोरीतून गल्लीच्या गटारीचं पाणी उलटं वर आलं होतं. पाच पोती ज्वारी उकिरड्यावर टाकावी लागली. म्हणून माझ्या मुलानं, परमेश्वरनं, या उन्हाळ्यात सिद्धोधनकडून उलटं पाणी अडवायचा वॉल बसवून घेतला. सिद्धोधन नळ-पाईपची कामं करतो. आमच्या घराचं सगळं सांडपाणी खालच्या मोरीजवळ एका चेंबरमध्ये येतं आणि तिथून गल्लीच्या गटारीला जातं. त्या वाटेवर त्यानं झडप लावली. घरातलं पाणी जाताना ती उघडते. बाहेरचं पाणी मागं रेटू लागलं की त्याच रेट्यानं मिटते.

काम झाल्यावर त्यानं आणखी एक सांगितलं होतं. झडप मिटली की घरातलं पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा वरून पाणी सोडायचं नाही. आम्ही माना हलवल्या. मग त्यानं मला विचारलं, "मामा, छताचं पाणी या लाईनीत येतं का?"

मी नाही म्हणालो.

येत होतं. आठ वर्षांपूर्वी शेजारच्या सुलाबाईनं भांडण काढलं होतं, की तुमच्या छताचं पाणी माझ्या मातीच्या भिंतीवर पडतंय. तेव्हा मी तो पाईप भिंतीतल्या भिंतीत वळवून आमच्याच चेंबरला जोडला आणि वरून गिलावा केला. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस मी. पोराच्या वयाच्या माणसानं माझ्या भिंतीत चूक दाखवावी, हे मला नको होतं.

त्या दिवशी वर दसरा काढणं चाललं होतं. घट बसायच्या आधी घरातली एकूण एक गोधडी, चादर, पडदा धुवायचाच. त्यात घरात बाळंतीण, मग तर दोरीवरची चिंधीही सुटत नाही. दर साली बाया धुणं ओढ्यावर नेतात. यंदा ओढ्याला पूर, गोदावरीही दोन्ही काठ भरून, म्हणून धुरपदा आणि सून प्रियंका वरच्या न्हाणीत बसल्या होत्या. पाऊस उघडू द्या म्हणालो तर घट काय तुमच्या पावसासाठी थांबायलेत का, असं ऐकून घ्यावं लागलं.

दुपारी तीनच्या सुमारास बोळीतून पाणी वाहू लागलं. गटारीची झाकणं उचलली गेली होती. परमेश्वरनं मागच्या दाराला आतून फळी लावली, उंबऱ्यावर मातीची पोती रचली. ते दार आता उघडायचं नव्हतं. मी मोरीकडे बघितलं. मोरी कोरडी होती. चेंबरमधून टक असा आवाज आला. झडप मिटली. मला बरं वाटलं. निकिताला म्हणालो, आता बाहेर समुद्र आला तरी आत थेंब यायचा नाही.

अर्धा तास गेला असेल. निकितानं हाक मारली. मोरीच्या जाळीतून पाणी वर आलं होतं आणि खोलीभर पसरायला लागलं होतं.

पहिल्यांदा तान्ह्या पोरीला वर पाठवलं. धुरपदा तिला पदराखाली घेऊन पायऱ्या चढली आणि चढताना सिद्धोधनच्या नावानं बोटं मोडत गेली. परमेश्वरनं लाईटीचं मेन बटण बंद केलं. बॅटरीच्या उजेडात आम्ही दोघं उभे राहिलो. बाज दोन-दोन विटांवर ठेवलेली होती, खाली शेगडी सरकवता यावी म्हणून. पाणी पहिल्या विटेच्या अर्ध्यावर होतं. निकिताला पाठकुळी घेतलं तर पोटावर ताण येणार. खुर्चीत बसवलं तर खुर्ची त्या वळणातून जात नाही. दोघांनी हातांवर घ्यावं तर पायरी एका माणसापुरती. ती पाय वर घेऊन बसली होती आणि वरून लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता.

प्रियंका बादली घेऊन आली. दोघीतिघींचं काम ती एकटी करते. भराभर बादल्या भरून वर नेऊ लागली. चौथ्या खेपेला मी विचारलं, पाणी टाकतेस कुठं. ती म्हणाली, न्हाणीत. म्हणजे ते फिरून खालीच येत होतं.

परमेश्वरनं चेंबरचं झाकण काढलं. पाण्यात कोपरापर्यंत हात घातला.

"झडप अडकलीय, आबा. हातानं वर करतो. पाणी एका दमात निघून जाईल."

मी त्याचा दंड धरला. मला पाण्याचा वास आला होता. घाण नव्हती त्याला. साबणाचा वास होता. बॅटरी खाली धरली तर वर फेस होता, आणि धुरपदाची नवी लाल गोधडी रंग सोडते तसा तांबूस रंग.

"सोड ती झडप," मी म्हणालो. "हे भाईरचं न्हाई. आपलंच पाणी हाय. तू झडप उचलली तर सगळ्या गल्लीचं पोट इथं रिकामं व्हईल."

"मग हे कशानं चढायलंय?"

मी वर ओरडलो, नळ बंद करा, टाकीचा कॉक बंद करा, एक तांब्यासुद्धा ओतू नका. वरून धुरपदा म्हणाली, अर्ध्या गोधड्या साबणातच आहेत. तशाच राहू देत म्हणालो. नळ बंद झाल्याचं प्रियंकानं येऊन सांगितलं.

आम्ही विटेकडे बघत थांबलो. गवंड्याचा हिशेब विटेनंच होतो. पहिली वीट बुडाली. नळ बंद होऊनही दुसरी बुडायला लागली. बाजेची सुंभाची वीण मधे झोळ पडून खाली आली होती, पाण्यापासून चार बोटं.

परमेश्वरनं सिद्धोधनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो कुठंतरी अडकला होता, पलीकडे पावसाचाच आवाज. त्यानं सगळं ऐकून घेतलं. झडपेला हात लावू नका म्हणाला. वरचे नळ बंद असतील आणि तरी पाणी वाढत असेल तर कुठूनतरी पाऊस आत येतोय.

"परमू, आबाला इचार. छताचा पाईप ह्या लाईनीत हाय का?"

परमेश्वरनं माझ्याकडे बघितलं. निकितानंही बघितलं. लेकरू वर रडायचं थांबलं होतं आणि ते जास्त वाईट वाटत होतं.

"हाय," मी म्हणालो.

 सिद्धोधन इतकंच म्हणाला, "तोडा तो. आत्ता."

मी हातोडा आणि छन्नी घेतली. परमेश्वर येतो म्हणाला, पण जागा मलाच माहीत होती. त्याला लेकीपाशी थांबवलं. बोळीत जायची गरज नव्हती. वरच्या जिन्याच्या खिडकीतून हात बाहेर काढला की तो गिलावा लागतो. खाली सुलाबाईची भिंत. पाईप तोडला की छताचं सगळं पाणी तिच्याच भिंतीवर जाणार होतं. आणि त्या भिंतीआड ती एकटी राहते.

मी तिला हाक मारली. ती डोक्यावर पोतं घेऊन दारात आली. काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं.

"आठ वर्सं कळ काढली भाऊ तुमी," ती म्हणाली. "पाडायचीच व्हती भिंत तर तवाच पाडायची."

"निकिता खाली हाय, बाई. पाणी बाजेला लागायलंय."

ती आत गेली. मला वाटलं, दार लावून घेतलं. छन्नी लावली तरी हात उठेना. मग ती आतून गोठ्याचा पत्रा ओढत बाहेर आली, भिंतीला तिरपा टेकवला आणि वर न बघता म्हणाली, "घाला आता घाव. जरा इकडून पाडा, चुलीच्या बाजूनं नको."

पाचव्या घावाला गिलावा सुटला, आठव्याला पाईप फुटला. गाईच्या मांडीएवढी धार पत्र्यावर आदळली आणि पलीकडे तिच्या अंगणात गेली. पत्रा अर्धी भिंतच झाकत होता. उरलेल्या भिंतीवरची माती गढूळ होऊन उतरताना मला दिसत होती. मी तिथं थांबलो नाही.

खाली आलो. परमेश्वर बाजेजवळ वाकून बॅटरी धरून होता. वीण आणि पाणी यात एक बोट जागा होती. आम्ही ते एक बोट बघत राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. ते एक बोट कमी झालं नाही.

दिवेलागणीला पाऊस मंदावला. चेंबरमधून घशात पाणी उतरावं तसा आवाज आला आणि मोरीच्या तोंडाशी भोवरा फिरू लागला. दुसरी वीट वर आली, मग पहिली. फरशीवर तांबडा चिखल आणि साबणाचा फेस राहिला. निकिताची साडी कोरडी होती. मी दोनदा हात लावून बघितलं.

शेजारी धप्प आवाज झाला. मी वर जिन्याच्या खिडकीशी गेलो. सुलाबाईच्या भिंतीचा दोन हात तुकडा बसला होता. चुलीच्या बाजूचा नव्हता. ती बाहेर उभी होती. मी खिडकीतून म्हणालो, सकाळी माती कालवायला येतो. ती म्हणाली, घट बसवून या, माझी भिंत काय कुठं चालली न्हाई आता.

मी खाली परतलो. माझ्या मागं धुरपदा लेकराला घेऊन वळणापर्यंत उतरली आणि ओल्या फरशीकडे बघून तिथंच थांबली. पोरगी भुकेनं पुन्हा रडायला लागली होती. निकितानं बाजेवरून हात पुढे केले. मी लेकरू घ्यायला निघालो तर ती म्हणाली, "आबा, आदी हात धुवा. त्या चिखलात व्हते ना."

मोरीवरच्या नळाशी गेलो, पण तो सोडला नाही. परमेश्वरला म्हणालो, आधी झडप बघ. त्यानं गुडघ्यावर बसून चेंबरमध्ये उजेड पाडला.

"उघडी हाय," तो म्हणाला.

मग प्रियंकाला टाकीचा कॉक उघडायला सांगून मी नळ सोडला, दोन वेळा साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि पोरगी धुरपदाच्या हातातून घेऊन तिच्या आईजवळ दिली.