तातेरावांच्या बैठकीतलं व्यंगचित्र

मी एक व्यंगचित्र, पेन्सिलीनं काढलेलं. तातेरावांच्या बैठकीत, टीव्हीच्या वर, सोनेरी फ्रेममध्ये असतो. आताशा मला फारसं काही वाटत नाही, तरी सांगतो.

मला दिपानं काढलं. ती तांड्यावरची, जवळा बाजारला बॅनरच्या दुकानात कामाला. तांड्याचा नळ पाच महिने कोरडा, आणि गावच्या पाण्याचा कारभार तातेरावांच्या हाती. दिपाचे दोन अर्ज त्यांनी न वाचताच परत केले. तिसरा अर्ज तिनं दिलाच नाही. त्याच्या पाठीवर मला काढलं. तातेरावांचं तोंड घागरीएवढं, पोट टाकीएवढं, कान मात्र ज्वारीच्या दाण्याएवढे. तिच्या याडीची, म्हणजे आईची, नानीबाईची, लांबून हंडे वाहून वाहून मान आखडलेली. मला बघून ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"आता तरी लाज वाटंल त्याला," म्हणाली.

दिपानं मला चावडीच्या भिंतीवर चिकटवलं. सारं गाव लोटलं. तातेराव आले तेव्हा मला वाटलं, आता फाडतात. खरं सांगू? फाडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला आणि पोट धरधरून हसले.

"नाक बराबर काढलं हो पोरीनं!"

मला अलगद सोडवून त्यांनी घरी आणलं, फ्रेम करून घेतली. निर्लज्जम् सदासुखी म्हणतात, ते काही खोटं नाही.

तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला ते मला दाखवतात. पाहुणे हसतात, चहा पितात. सुरुवातीला मला राग यायचा. मग तोही येईनासा झाला. नळाला पाणी नाही ते नाहीच.

परवा दिपा आली. नानीबाई आता अंथरुणातून उठत नाही, निदान एक टँकर तरी पाठवा, म्हणून सांगायला. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तातेरावांनी तिला पाहुण्यांपुढं उभं केलं.

"हीच ती पोरगी! बस, चहा घे. आता आमच्या ह्या सायबाचं एक काढ बरं."

दिपानं माझ्याकडं पाहिलं, कुणा परक्याकडं पाहावं तसं.

"मी चितरं काढणं सोडलं, काका."

"काहून गं?"

"तुमी हसता म्हणून."

त्यावरही तातेराव हसले. ती चहा न घेताच गेली आणि टँकरचं राहूनच गेलं.

तुम्ही कधी इथं आलात तर बसा, चहा घ्या. फक्त मला छान म्हणू नका.