सुई फिरली, ऑपरेशन रद्द

रविवारी बिबवेवाडीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ही सगळी झुंबड रंगनाथ महाराजांची सुई बघायला. बोटभर लांबीची, तपकिरी, वरून वाकलेली सुई महाराज प्रत्येक भक्तासाठी नवी घेऊन मेणाच्या गोळ्यात उभी रोवत. भक्तानं प्रश्न विचारला की तीर्थाचा थेंब सोडत आणि सुईचं वाकडं टोक आपोआप गोल फिरू लागे. घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं तर महाराजांचा काढा, उलटं फिरलं तर डॉक्टर. "हिमालयातली आहे, बेटा. तुझी व्हायब्रेशन्स ओळखते," असं महाराज सांगत. सकाळपासून व्हायब्रेशन्स सगळ्यांची काढ्याचीच निघत होती, हा योगायोग कुणाला खटकला नाही.

खटकला तो वासंतीबाईंना. शाळेत जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झालेल्या. नवऱ्याच्या, अनंतरावांच्या, हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली, सोमवारी ऑपरेशन. आणि हे गृहस्थ आज सुईचा सल्ला घ्यायला बसलेले. थेंब पडला, सुई काढ्याच्या बाजूनं फिरली. अनंतरावांनी ऑपरेशन रद्द करायला तिथेच फोन काढला. वासंतीबाई संतापून पुढे आल्या.

"अहो, फोन ठेवा आधी," असं म्हणून त्या वाकल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या मोज्यातून एक कुसळ उपटलं. हुबेहूब तशीच सुई. "रोज तळजाईच्या टेकडीवरून हे घेऊन येता आणि गवताला शिव्या घालता. आज त्याच्याच पाया पडलात?"

कुसळ मेणात रोवून, काहीही न विचारता त्यांनी बाटलीतलं साधं पाणी टाकलं. तेही घड्याळाच्या काट्यासारखंच फिरलं. मग महाराजांची सुई खिडकीतल्या उन्हात ठेवली. वाळता वाळता ती सावकाश उलटी फिरली. उन्हानं सिद्धी उतरली, असं महाराजांनी सांगून पाहिलं. काढ्याच्या बाटल्या मात्र ते भराभर पिशवीत भरू लागले.

वासंतीबाईंनी समजावून सांगितलं. ओलं झालं की कुसळाचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा पडतो. असं फिरत फिरत ते आपल्या टोकाचं बी जमिनीत घुसवतं. ज्या बिया खोल गेल्या त्या उन्हातून, वणव्यातून वाचल्या, त्यांचाच वंश टेकडीवर पसरला.

अनंतराव अजून सुईकडेच बघत होते. बाईंनी त्यांचा हात धरला.

"अहो, ते गवत लाखो वर्षांत स्वतःचा जीव जगवायला शिकलं. तुमचा जीव कसा वाचवायचा, ते माणसं शिकली आहेत. त्यांच्याकडे चला."