लाल पट्ट्याचा पंप

मित्रांनो, कळंबकडच्या एका तांड्यात, हंसाबाईंच्या छपरीत खुंटीला टांगलेला जुना फवारणी पंप म्हणजे मीच. सोळा लिटरचं माझं पोट. आता दांडा करकरतो, पट्ट्याला सुतळीची गाठ आहे. पण एके काळी त्यांच्या नवऱ्यानं, धरमसिंगनं, मला नेरच्या बाजारातून पाठीवर मिरवत आणलं होतं! तांड्यात तेव्हा मी एकटाच पंप. ज्याला लागेल त्यानं मागून न्यायचं, काम झालं की आणून टांगायचं, अशी तिथली रीत. माझा तोरा काय विचारता!

गेल्या वर्षी हंसाबाई बचत गटाच्या शिबिरातून एक बाटली घेऊन आल्या. आत दाट, काळपट रस होता, समुद्री शेवाळाचा अर्क. ते कीड मारायचं औषध नाही आणि खताच्या जागी टाकायचंही नाही. झाडाच्या वाढीला हातभार लागतो, उन्हाचा ताण सोसायला बळ मिळतं, एवढंच.

धरमसिंग हसला. "समुद्राचं पानी कपाशीले कायले पायजे वं?"

"अर्धा एकर मले द्या, मंग पाहा," हंसाबाई म्हणाल्या.

"घे. पन फरक नाही दिसला, तर पुन्हा वावरातलं काही सांगाचं नाही मले."

बाईंनी मान डोलावली. वीस वर्षं त्या मातीत राबल्या, पण काय पेरायचं हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या अर्ध्या एकरावर त्यांचा सगळा जीव होता.

त्यांनी चार तासं, म्हणजे कपाशीच्या चार ओळी, कोरी सोडली आणि बाकी कपाशीवर माझ्यातून अर्क फवारला. मी खुशीत होतो. आठ दिवसांनी पाहतो तर काय, फवारलेल्या झाडांची नवी पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, अरुंद. कोरी तासं मात्र ठणठणीत!

"म्या म्हनलंच होतं," धरमसिंग म्हणाला. सारा तांडा पाहून गेला. हंसाबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहिल्या. मला सगळं ठाऊक होतं, पण पंपाला बोलता कुठं येतं? त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी त्या छपरीत आल्या, माझं झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. आतून उग्र वास आला. बाटलीतल्या अर्काला तसा वास नव्हता. त्यांनी धाकटा दीर देवीलाल याला हाक मारली.

"फवारनीच्या आधी तू पंप नेलता. काय मारलं त्यानं?"

"धुऱ्यावरच्या गवताले तननाशक मारलं, भाभी."

"मंग धुतला होता काय?"

"धुतला ना! पान्यानं खंगाळला एकदा."

"साबन?"

"साबन नाही लावला, भाभी."

हंसाबाई भांडल्या नाहीत. दोष अर्काचा की माझ्या पोटात उरलेल्या तणनाशकाचा, हे पाहायला दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वच्छ बादलीत अर्क कालवला आणि कडुनिंबाच्या डहाळीनं कोऱ्या तासातल्या दहा झाडांवर शिंपडला. पुन्हा आठ दिवस गेले. ती दहाही झाडं सरळ, हिरवीगार होती. त्यांनी धरमसिंगला हाताला धरून तिथं नेलं. तो बराच वेळ पानं उलटीपालटी करत राहिला.

"अर्काचा दोष नाही," शेवटी तो म्हणाला. "माह्यंच चुकलं. पुढच्या साली एक एकर घे."

माझ्यामुळे त्या साली बोंडं कमीच लागली, हे मी लपवत नाही. यंदा नवा पंप आला आणि हंसाबाईंनी माझ्या पोटावर लाल रंगाचा पट्टा ओढला. लाल पंप फक्त धुऱ्याच्या गवताला, तो कपाशीत न्यायचा नाही. निकाल बरोबर आहे, तरी वाईट वाटतंच. एक एकर कपाशी मला इथूनच दिसते.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. मागून नेलेली वस्तू आहे तशी टांगू नका. आधी साबणानं नीट धुवा आणि आत काय होतं तेही सांगा. मला त्या दिवशी तेवढं एक वाक्य बोलता आलं असतं, तर आज नव्या पंपाच्या जागी मी हंसाबाईंच्या पाठीवर असतो.